मेट्रोनोमसोबत जमतं, तबल्यासोबत पळतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडच्या एक ताई आहेत, बँकेत नोकरी, दोन वर्षं पेटी शिकतायत आणि दर गुरुवारी सोसायटीच्या भजनी मंडळात साथ करतात. रोज रात्री जेवणं आटोपली की अर्धा तास फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगानं टिकटिक करणारं ऍप, ७० ला (मिनिटाला ७० क्लिक) लावून अलंकार, म्हणजे सरावाच्या सुरांच्या ओळी, वाजवतात, तिथे एकही चूक होत नाही, पण गुरुवारी तबला आणि टाळ सुरू झाले की तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत पेटी पुढे निघून गेलेली असते आणि तबलेवाले काका चष्म्यावरून बघायला लागतात. तर मेट्रोनोमचा खरंच काही उपयोग असतो का, की आपोआप ठेका वाजवणारी तबला मशीनच बरी, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी माझं थोडं सांगतो. मी २२ वर्षं लेहरा धरतोय. म्हणजे तबल्याचं सोलो वादन चालू असताना बाजूला बसून १६ मात्रांची (ठोक्यांची) एकच ओळ, बहुतेक वेळा चंद्रकंस रागातली, पाऊण तास तीच तीच वाजवत राहायची. टाळ्या तबलेवाल्याला, चहा दोघांना. या कामात दुसरं काहीच करायचं नसतं, फक्त लय सांभाळायची, त्यामुळे लय कुठे कुठे आणि कशी सुटते त्याचे सगळे प्रकार मी स्वतः करून बसलोय. पहिला लेहरा धरला तेव्हा १९ वर्षांचा होतो, गिरगावात एका छोट्या हॉलमधे. एक बुजुर्ग तबलजी होते, पेशकार, म्हणजे सोलोचा सुरुवातीचा संथ भाग, सुरू केला तेव्हा सगळं छान, पुढच्या कायदा नावाच्या भागापर्यंत माझी पेटी इतकी पुढे गेली होती की त्यांनी एका तिहाईनंतर (एकच बोल तीनदा वाजवून संपवतात ती) सरळ हात उचलले, मांडीवर दोनदा थाप मारून मला लय दाखवली आणि परत सुरू केलं. कार्यक्रम झाल्यावर एवढंच म्हणाले, तुझी पेटी लोकल पकडायला निघाली होती का रे. आणि गंमत म्हणजे मी पण घरी मेट्रोनोमवर पक्का होतो, अगदी तुमच्यासारखाच.

त्यामुळे तुमचा प्रॉब्लेम मला लगेच कळला. तुम्ही मेट्रोनोमसोबत वाजवत नाही आहात, तुम्ही त्याच्या मागून चाललाय. दर क्लिकला तो तुम्हाला सांगतो की बाई इथे आहे मी, तुम्ही किंचित पुढे गेला असाल तर थांबता, मागे असाल तर उडी मारता, आणि हे इतकं पटापट होतं की तुम्हाला स्वतःला कळत पण नाही. ७० ला दोन क्लिकमधे ०.८६ सेकंद जातात, एवढ्या वेळात कितीशी चूक होणार, पुढच्या क्लिकला ती पुसली जाते. मंडळात ही पुसणारी वस्तू नसते. तिथे तबला ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, देतो, पण मधेच लग्गी, म्हणजे जलद बोलांची भर, लावतो, टाळवाले भरात येतात, गाणारा शब्द ओढतो, आणि मग तुम्हाला स्वतःच्या पोटातली लय लागते, ती तयार झालेलीच नाहीये कारण रोज अर्धा तास कोणीतरी दुसरं ती पुरवत होतं.

म्हणजे मेट्रोनोम उपयोगाचा आहे, फक्त तो हळूहळू काढून घ्यायचा असतो. लोक उलटं करतात, आयुष्यभर तसाच लावून ठेवतात आणि फक्त आकडा वाढवत नेतात, ७०, ८०, १००, १२०, आणि वाटतं प्रगती झाली. बोटांची झाली असेल, लयीची नाही.

आता करायचं काय. सगळ्यात आधी पेटी बंद. हो, खरंच बंद. मेट्रोनोम ६० ला लावा आणि फक्त टाळी वाजवा, दर क्लिकला एक. तुमच्या लक्षात येईल की टाळी क्लिकच्या किंचित आधी पडतेय. हे फक्त तुमचं नाही, मानसशास्त्रवाल्यांनी यावर भरपूर काम केलंय, साध्या माणसाला ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगितलं तर ते बोट ठोक्याच्या थोडं आधीच पडतं, सेकंदाचे दोन-पाच शतांश वगैरे, आणि वाजवणाऱ्या लोकांचं हे अंतर कमी असतं. म्हणजे पुढे पळणं हा माणसाचा मूळ स्वभाव आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जेव्हा टाळी बरोब्बर पडते तेव्हा क्लिक ऐकूच येत नाही, टाळीच्या पोटात जातो. ते एकदा अनुभवा. सलग दहा क्लिक गायब करता आले की मग पेटी उघडा आणि तेच करा, दर क्लिकला फक्त सा. फक्त सा, बाकी काही नाही. कंटाळवाणं आहे, मला माहितीये.

आता इथे पेटीची स्वतःची एक भानगड आहे जी मेट्रोनोमबद्दल लिहिणारे सांगत नाहीत कारण ते बहुतेक गिटारवाले किंवा ड्रमवाले असतात. पेटीचा सूर पट्टी दाबल्या क्षणी लागत नाही. खर्जातली रीड (आत थरथरून आवाज देणारी धातूची जीभ) मोठी आणि जड, तिला हलायला वेळ लागतो, तारसप्तकातली रीड लगेच बोलते. त्यात भात्यात हवा कमी असेल तर खर्ज अजून उशिरा बोलतो. म्हणजे तुम्ही मंद्र पंचमापासून वर सरगम घेत गेलात आणि बोटं अगदी सारख्या अंतरानं पडली तरी कानाला खाली मागे आणि वर पुढे असं ऐकू येतं. कपलर लावलाय का तुम्ही? असेल तर रियाजाला काढून ठेवा, एका पट्टीनं दोन पट्ट्या ओढायच्या म्हणजे बोट जड होतं आणि जड बोट उशिरा पडतं, आणि मग ते भरून काढायला पुढचं बोट घाई करतं. अजून एक बघा, डावा हात. बरेच जण भाता लयीत मारतात, दर मात्रेला एक धक्का, आणि मग उजव्या हाताची लय भात्याच्या हाताला बांधली जाते, भाता दमला की लय हलली. भाता सावकाश, लयीशी संबंध न ठेवता, हवा कायम थोडी जास्तच राहील असा चालवायचा. क्लिकवर एकच सूर धरून डावा हात मुद्दाम वेगळ्याच गतीनं चालवून बघा, सुरुवातीला डोक्याचा भुगा होतो पण चार दिवसांत जमतं. मला विचाराल तर पेटीवाल्यांची निम्मी लय भात्यात बिघडते.

हे झालं की मग बराबर, दुगुन, तिगुन, चौगुन. म्हणजे एका क्लिकला एक सूर, मग दोन, मग तीन, मग चार. ६० लाच. आकडा हलवायचा नाही. तोंडानं म्हणत वाजवा, दोनला तक, तीनला तकिट, चारला तकधिमि, पेटीवर वाजवण्याआधी नुसतं तोंडानं म्हणा. गडबड कुठे होते सांगू, तिगुनमधून चौगुनला जाताना आणि त्याहून जास्त चौगुनमधून परत बराबरला येताना. चौगुन वाजवताना अंगात एक जोर आलेला असतो, तो बराबरला आल्यावरही जात नाही, आणि मग एका सेकंदाची ती मोकळी जागा इतकी लांब वाटते की आपण आधीच पुढच्या सुरावर जाऊन उभे राहतो. तुमच्या भजनात नेमकं हेच होतं बरं का. लग्गीमधे तबला दुगुनीत जातो, अंगात भरतं, आणि लग्गी संपून परत साधा ठेका आला की काका मूळ लयीत येतात आणि तुम्ही येत नाही. तिसऱ्या-चौथ्या कडव्याला असं म्हणालात ना, तोवर दोन-तीन लग्ग्या होऊन गेलेल्या असतील. पुढच्या गुरुवारी लक्ष ठेवा.

म्हणून चौगुन-बराबर, चौगुन-बराबर अशी अदलाबदल दोन-दोन आवर्तनांची, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्यांची, करायची, आणि बराबर वाजवताना मनात तकधिमि चालू ठेवायचं. हाच सगळा खेळ आहे, रिकाम्या जागेत मनातलं मोजणं बंद न पडू देणं.

आता हळू लयीबद्दल. तुम्ही म्हणाल ७० येतं तर ४० किती सोपं. करून बघा. ४० ला दोन क्लिकमधे दीड सेकंद असतो, आणि दीड-पावणेदोन सेकंदांच्या पुढे अंतर गेलं की माणसाला नुसत्या अंदाजानं पुढचा ठोका पकडता येत नाही, त्याचे मनात तुकडे पाडावेच लागतात. विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीत, ख्याल गाणारे काय करतात? विलंबित एकतालात १२ मात्रा, पण तबल्यावर प्रत्येक मात्रेचे चार भाग ऐकू येतात, म्हणजे ४८. मेट्रोनोम ६० ला ठेवून एकेका भागाला एक क्लिक धरली तर एक मात्रा ४ सेकंदांची आणि आवर्तन ४८ सेकंदांचं. ४८ सेकंद कोणी आंधळेपणानं मोजत नाही हो, सगळे आतून बारीक बारीक मोजत असतात, चेहऱ्यावर दाखवत नाहीत एवढंच. तुम्हाला विलंबित वाजवायचं नाहीये, पण ४० ला आठवड्यातून दोन दिवस अलंकार वाजवा, फार उपयोग होतो.

आकडा वाढवायचाच असेल तर किती वाढवावा? माझ्याकडे अजून एक चावीचा लाकडी मेट्रोनोम आहे, पिरॅमिडसारखा, त्याच्या पट्टीवर ४० ते २०८ आकडे असतात आणि ते सरसकट एकेकानं वाढत नाहीत. ४० ते ६० दोन-दोननं, मग ६०, ६३, ६६, ६९, ७२ असे तीन-तीननं, तिथून १२० पर्यंत चार-चारनं, मग सहानं आणि शेवटी आठनं. म्हणजे दर पायरीला साधारण चार-पाच टक्के वाढ. जुन्या लोकांनी हे फार हुशारीनं केलंय, ६० वरून ६५ ही मोठी उडी असते आणि १६० वरून १६५ काहीच नसते. ऍपवर काम करताना पण मी त्याच पायऱ्या वापरतो. एका पायरीवर सलग पाच वेळा, न अडखळता, खांदे न आवळता वाजलं की पुढची पायरी, आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी खालून सुरुवात. खांद्याचं मुद्दाम लिहितोय, खूप जण बरोबर वाजवतात पण श्वास धरून, ते मोजायचं नाही.

तो लाकडी मेट्रोनोम आमच्या चाळीतल्या खोलीत कायम लंगडायचा, टिक... टॉक-टिक... टॉक असा, मला वर्षभर वाटत होतं बिघडलाय. बिघडला नव्हता, चाळीची फरशीच उतरती होती. चावीचा मेट्रोनोम सपाट जागेवरच सारखा चालतो. मग त्याच्या एका पायाखाली बेस्टच्या बसचं तिकीट घडी करून ठेवायचो, चार घड्या बरोबर पुरायच्या. तुमच्याकडे जुना कोणाचा मिळाला तर एवढं लक्षात असू द्या. बाकी हे यंत्र मेल्झेल नावाच्या माणसानं १८१५ मधे स्वतःच्या नावानं पेटंट केलं, मूळ युक्ती ऍमस्टरडॅमच्या विंकेल नावाच्या कारागिराची होती, आणि बीथोव्हेननं लगेच आपल्या रचनांवर त्याचे आकडे टाकले, ज्यांच्यावरून लोक आजही भांडतात की एवढ्या जलद वाजवायचं तरी कसं. म्हणजे पाश्चात्य आहेच, पण पेटी पण तिकडूनच आली की.

आता मुख्य भाग, क्लिक काढून घेणं. हे तीन-चार प्रकारे करता येतं आणि मी सगळे आलटून पालटून करतो.

पहिला, आकडा अर्धा करायचा. तीनताल घ्या, म्हणजे १६ मात्रा, चार-चारचे चार विभाग, ८० च्या लयीत. मेट्रोनोम ८० ऐवजी ४० ला लावा आणि वाजवताना लय ८० चीच ठेवा, म्हणजे एक मात्रा क्लिकवर, एक तुमची. हे पक्कं झालं की २० ला लावा, बऱ्याच ऍपमधे २० पर्यंत खाली जाता येतं, म्हणजे चार मात्रांना एक क्लिक, दर विभागाच्या पहिल्या मात्रेवर. क्लिक आता तीन सेकंदांनी येतो आणि तोवर तुम्ही एकट्या. पहिल्या दिवशी तो कायम उशिरा येतोय असं वाटेल, ऍप हँग झालं की काय असं वाटेल. ऍप ठीक असतं.

दुसरा, क्लिक मात्रेवर न धरता दोन मात्रांच्या मधे धरायचा. एक नि दोन नि तीन नि, असं म्हणा आणि क्लिक 'नि' वर पडू द्या. आधी तोंडानं आणि टाळीनं, पेटी नंतर. दहा-बारा सेकंदांत मेंदू चोरून परत क्लिकला मात्रा बनवतो, परत सुरू करायचं. हे जमायला मला दोन महिने लागले होते, त्यामुळे रागावून सोडू नका.

तिसरा मला सगळ्यात जास्त आवडतो. तीन-तीन सुरांचा अलंकार, सारेग, रेगम, गमप, मपध, पण क्लिकला चार सूर. मग पहिला क्लिक पडतो सारेगच्या सा वर, दुसरा रेगमच्या मधल्या ग वर, तिसरा गमपच्या शेवटच्या प वर, आणि चौथ्याला परत गटाच्या पहिल्या सुरावर, पधनीच्या प वर येता. आपला हात गटाच्या पहिल्या सुराला जोर द्यायला जातो आणि क्लिक भलत्याच ठिकाणी वाजतो, त्या ओढाताणीत सगळे सूर समान अंतरावर आहेत की नाही ते उघडं पडतं. ५० पेक्षा वर सुरू करू नका.

चौथा, म्यूट. काही ऍपमधे सोय असते, दोन आवर्तनं क्लिक वाजेल, एक आवर्तन बंद, परत चालू. नसेल तर घरातल्या कोणाला तरी फोनचा आवाज बंद-चालू करायला सांगा. माझा मुलगा हे काम पैसे घेऊन करतो.

आणि एक चाचणी जिला ऍप पण लागत नाही, फोनचं स्टॉपवॉच पुरतं. ८० ची लय आधी क्लिकवर नीट कानात घ्या, मग क्लिक बंद. स्टॉपवॉच समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, चालू, फोन उलटा ठेवा, मनात तीनतालाची ५ आवर्तनं मोजा आणि सहाव्या समेला बंद करा. १६ पंचे ८० मात्रा, ८० ची लय, म्हणजे बरोब्बर ६० सेकंद यायला हवेत. ५७ आले तर तुमची लय ८४ झाली होती, ५४ आले तर ८९. पळणाऱ्या माणसाला आपण पळतोय हे कोणी कितीही सांगितलं तरी पटत नाही, आकडा दिसला की पटतं. ही चाचणी लोकलमधे करता येते, मुलुंड ते सीएसएमटी तुम्हाला भरपूर वेळ आहे आणि बसायला नाही मिळालं तरी एक हात मोकळा असतो. मोजायला बोटं वापरा, चार बोटं, प्रत्येक बोटाची तीन पेरं आणि टोक धरलं की चार, म्हणजे झाले सोळा, अंगठा फिरवत जायचा. प्रत्येक बोट एक विभाग, तिसऱ्या बोटाला अंगठा लागला की खाली, म्हणजे तालातली टाळी नसलेली, बिनजोराची जागा. शेजारच्या बाईला वाटतं तुम्ही जप करताय.

तबला मशीनबद्दल विचारलंत. वाईट नाही, माझ्याकडे रॅडेल कंपनीची तालमाला नावाची मशीन होती, आता फोनवरच तबल्याचं ऍप आहे. पण तिचं काम वेगळं आहे. ठेका तुम्हाला सगळं सांगत असतो, ना ऐकला की कुठे आहोत कळतं, डाव्या हाताचा डग्गा थांबला की खाली आली हे कळतं, म्हणजे मोजायची गरजच उरत नाही. बंदिश बसवायला, समेचं भान यायला मशीन उत्तम. लय तपासायला कोरडा क्लिकच, कारण तो काहीच सांगत नाही. मी दहा-पंधरा मिनिटं क्लिक आणि मग उरलेला वेळ ठेका असं करतो.

रूपक, म्हणजे सात मात्रांचा ताल, वाजवत असाल तर एक काळजी घ्या. ऍपला सात मात्रा दिल्या की तो पहिल्या मात्रेवर जोरात टिंग करतो आणि बाकी सहा सारख्या. पण रूपकाची सम 'खाली'च्याच जागी असते, ती ती ना धी ना धी ना, तिथे जोर नाहीच, जोर येतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. त्या टिंगवर चार दिवस वाजवलंत तर रूपक बँडसारखा वाजायला लागतो. ऍक्सेंट बदलून तीन-दोन-दोन करता येत असेल तर करा, नाहीतर सगळे ऍक्सेंट बंद करून सात कोरडे ठोके घ्या आणि बोल तोंडानं म्हणा.

क्लिकचा आवाज कुठला ठेवता? बीप असेल तर बदला. बीपला स्वतःचा सूर असतो आणि तुम्ही काळी दोनमधे (दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून) वाजवत असाल तर तो भलत्याच स्वरात शिट्टी मारत राहतो, कान लयीवरून उठून त्या सुराशी भांडायला जातो. लाकडी ठोक्याचा, वुडब्लॉक म्हणतात तो आवाज घ्या. ब्लूटूथ इअरफोनबद्दल पण लोक विचारतात, त्यात आवाज उशिरा पोचतो, कधी कधी सेकंदाचा दहावा-पाचवा भाग एवढा, पण तुम्ही पेटी वाजवताय आणि कानात फक्त क्लिक आहे तर काही बिघडत नाही, तुम्ही जे ऐकताय त्याच्याशीच जुळवताय. बिघडतं तेव्हा जेव्हा स्क्रीनवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघून वाजवता, किंवा कीबोर्डचाच आवाज ब्लूटूथमधून ऐकता, तिथे मात्र वायरवाला हेडफोन पाहिजेच. आणि दिव्याकडे तसंही बघू नका.

आठवड्यातून एकदा रेकॉर्ड करा. फोन पेटीपासून हातभर लांब, क्लिक दुसऱ्या फोनच्या स्पीकरवर, दोन मिनिटं वाजवा. त्याच दिवशी ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका, कारण वाजवताना जे अंगात असतं ते उतरायला एक रात्र लागते. जिथे क्लिक आणि सूर मिळून एकच ठोका ऐकू येतो ते ठीक, जिथे ट-क् असं फुटलेलं ऐकू येतं तिथे सुटलंय. कुठला आवाज आधी आहे तेवढं वहीत लिहा. आमच्या क्लासमधल्या एका मुलाचं महिनाभर दर वेळी म वरून प वर जातानाच फुटायचं, लयीचा दोष नव्हताच, अंगठा खालून काढताना अडकत होता. बोटं बदलली, लय बरी झाली.

मेट्रोनोम कधी लावायचा नाही हे पण सांगतो. नवीन अभंगाची चाल बसवताना नाही, आधी बोटांना रस्ता कळू दे. आलापीत तर नाहीच. आणि केरवा, भजनी ठेका यांच्यात जो एक झोका असतो, सूर अगदी समान तुकड्यांत पडत नाहीत, ते क्लिकच्या चौकटीत कोंबू नका, मात्रा क्लिकवर आली की पुरे, मधलं काय ते तबल्याकडून ऐकून घ्या.

आमच्यातले काही जुने लोक म्हणतात यंत्रानं लय मरते, बुजुर्गांची लय कुठे सारखी असायची. खरंय, तबल्याच्या सोलोत पेशकारापासून जलद रेल्यापर्यंत लय वाढतेच, तुमच्या मंडळात गजराला तर वाढायलाच पाहिजे, नाहीतर गजर कसला. पण लय वाढवणं वेगळं आणि लय वाढणं वेगळं. तबलजी मानेनं खूण करतो, मग लेहरा वर जातो, एका आवर्तनात, आणि तिथे परत स्थिर होतो. ते ऐकायचं असेल तर ३ फेब्रुवारीला तबलावादक उस्ताद अल्लारखाँच्या बरसीचा (पुण्यतिथीचा) कार्यक्रम मुंबईत षण्मुखानंद सभागृहात होत आलाय, पहाटेच सुरू होतो, तिथे जाऊन एकदा फक्त लेहरा धरणाऱ्याकडे बघत बसा. तबल्याकडे सगळे बघतातच.

गुरुवारचं काय करायचं ते आता. काकांच्या डग्ग्याच्या बाजूला बसा, टाळवाल्यांच्या बाजूला नाही. टाळाचा आवाज सगळ्यात तीक्ष्ण, आणि टाळ सगळ्यात आधी पळतो, हे मुंबईतल्या कुठल्याही मंडळात बघा. डग्गा कानात असेल तर पाय जमिनीवर राहतात. काकांना आधीच सांगा की लग्गी संपली की एक आवर्तन जरा ठळक ठेका द्या, त्यांना बरंच वाटेल. त्या आवर्तनात तुम्ही सूर कमी करा, फक्त ओळीचे मुख्य स्वर, मधली भर घालू नका. पेटीवाला पळतो तो बहुतेक वेळा भर घालण्याच्या हौसेत पळतो, रिकामी जागा दिसली की बोटं खाजवतात. आणि पळालोय असं लक्षात आलं तर सावकाश मागे यायचा प्रयत्न करू नका, तो सगळ्यांना कळतो, सरळ हात उचला, सम ऐका आणि समेला परत या. श्रोत्यांना वाटतं मुद्दामच जागा सोडली.

रोजचा अर्धा तास आहे तो वाढवू नका. पाच मिनिटं टाळी नि सा, दहा मिनिटं बराबर-चौगुन, पाच मिनिटं वरच्या चारपैकी कुठलाही एक प्रकार, उरलेला वेळ तबल्याच्या ऍपवर तुमचे अभंग, क्लिक बंद करून. तीन महिने. पहिले तीन आठवडे आधीपेक्षा वाईट वाजेल, कारण आधी न ऐकू येणाऱ्या चुका ऐकू यायला लागतील, त्या काळात मंडळ सोडू नका.

आणि आज रात्री पेटी उघडायच्या आधी ती ५ आवर्तनांची चाचणी करा, किती सेकंद आले ते खाली लिहा. ५४ आले तरी लिहा. त्या गिरगावच्या कार्यक्रमानंतर बुजुर्गांनी मला तिथेच पायरीवर बसवून सेकंदकाट्याच्या घड्याळावर हेच मोजायला लावलं होतं, माझे ५१ आले होते.